ओसाड गावचा एरंड

'गुरुजी, ऑइल कुठलं टाकता?' या प्रश्नाला मी 'पंधरा डब्ल्यू चाळीस' एवढंच म्हणतो आणि थांबतो. समोरच्यानं 'म्हंजी काय?' असं विचारावं म्हणून थांबतो. नाही विचारलं तर चष्मा पुसतो. तरीही नाही विचारलं तर मीच सांगायला लागतो. वर्गात तरी कुठं कुणी आपणहून विचारतं?

गाडी म्हणजे जुनी बोलेरो पिकअप, एमएच 16. जिल्ह्याचं अहिल्यानगर झालं तरी पासिंग सोळाचंच राहिलं, आणि श्रीरामपूरच्या सतरा नंबरकडे बघून नाक मुरडायची आमची खोडही राहिली. घरचा कांदा घोडेगावच्या बाजारात न्यायचा, एवढ्यासाठी ती घेतली. प्रत्यक्षात ती भावकीची भांडी, भजनी मंडळाची पेटी आणि पाहुण्यांचं गवत वाहते. डिझेल माझं. पण बॉनेटला कोपर टेकून उभं राहायची एक ढब असते, ती मला उत्तम साधली आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

इंजिनाबद्दल मत असणं हा आमच्या जिल्ह्यात जन्मसिद्ध हक्क आहे. नगरला व्हीआरडीई आहे. लष्कराच्या गाड्या तिथं पारखल्या जातात. आर्मर्ड कोअरचं केंद्र आहे, रणगाड्यांचं संग्रहालय आहे. कायनेटिकची लुना दौंड रस्त्यावरच्या कारखान्यात बनत होती, आणि पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइलचं माप ओतता ओतता मोठी झालेली अख्खी पिढी आज साठीला टेकून पारावर बसली आहे. अशा मुलखात जुनी पिकअप आणली की सल्ल्यांना काय तोटा?

फिटरनं पट्टी बाहेर काढली, तिच्या टोकावरचं ऑइल अंगठा आणि बोटाच्या मध्ये धरून पाकाची तार बघावी तसं ताणलं, नाकाशी नेलं आणि निकाल दिला, 'जुनी गाडी हाये, जाड ऑइल टाका. वीस-पन्नास.' चुलतभाऊ म्हणाला, 'ट्रॅक्टरचं उरलंय की घरी, तेच वत.' दुकानदारानं माझ्या कडक इस्त्रीच्या शर्टाकडे बघून सिंथेटिक सुचवलं. गल्लीत एक काका राहतात, व्हीआरडीईतून निवृत्त झालेले. त्यांच्याकडे मी वही-पेन घेऊन गेलो. त्यांनी पेपरातून मान वर न काढता विचारलं, 'गाडीच्या पुस्तकात काय लिहिलंय?' झालं, संपलं. उभा जन्म इंजिनांत गेलेला माणूस आणि सल्ला एवढाच! मला फार वाईट वाटलं. वहीचं पान तसंच कोरं परत आणलं.

मग मी स्वतःच अभ्यासाला बसलो, आणि जे हाती लागलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला झोप येत नाही. पंधरा डब्ल्यू चाळीसमधला डब्ल्यू हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा थंडीतल्या वागणुकीचा. पंधराच्या ऑइलची परीक्षा उणे 20 अंशांना घेतात: इतक्या गारठ्यात इंजिन फिरवताना ते किती अडून बसतं, हे बघतात. वीसची उणे 15 ला, पाचची उणे 30 ला. आमच्याकडे पारा आठावर आला की पेपरात शेकोटीचा फोटो येतो. म्हणजे माझ्या गाडीतलं ऑइल हिमालयात जायची तयारी करून घोडेगावच्या रांगेत उभं असतं. चाळीसचा आकडा मात्र खरा कामाचा. 100 अंशांना, पाणी उकळतं त्या तापाला, ऑइलचा दाटपणा किती टिकतो ते तो सांगतो. मे महिन्यात, भरल्या गाडीनिशी, इमामपूरच्या घाटात त्याच्याशी गाठ पडते.

डब्यावर दुसरी ओळ असते, ती बहुतेक लोक वाचतच नाहीत. मी वाचतो, आणि लोक बघत असतील तर मोठ्यानं वाचतो. 'सी'नं सुरू होणारं डिझेलचं, 'एस'नं सुरू होणारं पेट्रोलचं. सीआय-4 जुन्या गाड्यांना पुरतं. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-सिक्स डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारी जाळी असते. कमी राख सोडणारं ऑइल नसेल तर ती तुंबते, म्हणून तिथं सीके-4. माझी गाडी त्या आधीची. तिला जाळी नाही, तिचं सगळं उघड्यावर.

जाड ऑइलचं म्हणाल, तर ते टाकल्यावर जुन्या इंजिनाचा निळा धूर थोडे दिवस कमी दिसतो, हे खरं. झिजलेल्या रिंगा मात्र झिजलेल्याच राहतात. वर पहाटे गार इंजिन चालू केलं की जाड ऑइल वरच्या भागापर्यंत पोचायला वेळ लावतं, आणि इंजिन सगळ्यात जास्त झिजतं ते त्या पहिल्या काही सेकंदांतच. तसंच 'बदलल्या बदलल्या काळं पडलं, डुप्लिकेट असणार' ही ओरड. अहो, डिझेलची काजळी पोटात घेऊन तरंगत ठेवणं हे त्या ऑइलचं कामच आहे. काळं झालं म्हणजे कामाला लागलं. हे मी फिटरला समजावून सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि तेरा-चौदाचा पाना मागितला.

आता थोडं एरंडाबद्दल. थोडंच.

कॅस्ट्रॉल हे नाव आमच्याकडे तान्ह्या पोरालाही ठाऊक असतं. 1909 साली वेकफिल्ड नावाच्या इंग्रज गृहस्थानं हे ऑइल बाजारात आणलं तेव्हा त्यात चक्क एरंडेल होतं आणि नावही त्याचंच. एरंडेल! आमच्या बांधावर कुणी न लावता उगवणारा, शेळीही तोंड न लावणारा तो एरंड! पहिल्या महायुद्धातली सॉपविथ कॅमलसारखी विमानं याच तेलावर उडाली. त्यांच्या इंजिनाचे सिलिंडर पंख्याबरोबर गरागरा फिरायचे, आणि एरंडेल पेट्रोलमध्ये विरघळत नाही म्हणून तेच लागायचं. वापरलेलं तेल पुन्हा टाकीत यायचं नाही, फवारा होऊन उडायचं, ते वैमानिकाच्या नाकातोंडावर. त्यापायी शूर वैमानिकांची पोटं बिघडायची, असं सांगतात. मला हे ऐकून नवल वाटलं नाही. शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी आमची आजी सगळ्या नातवंडांना ओळीनं बसवून कोऱ्या चहातून एरंडेल पाजायची. त्या दिवशी आम्ही विमान सोडाच, सायकलही चालवण्याच्या अवस्थेत नसायचो. आजोबांच्या बैलगाडीखाली बांबूचं एक नळकांडं टांगलेलं असे. त्यात वंगण, तेही एरंडेलाचंच. आस कुरकुरायला लागला की आजोबा गाडी थांबवायचे, चिंधीच्या बोळ्यानं वंगण लावायचे आणि पुढं निघायचे. त्यांना कुणी 'ग्रेड काय?' असं विचारलं असतं तर त्यांनी बैलाचं वय सांगितलं असतं. म्हणजे बघा, तेच तेल आजोबांच्या आसाला, विमानाच्या इंजिनाला आणि माझ्या आतड्याला. आणि जगात सगळ्यात जास्त एरंड पिकतो आपल्या देशात, त्यातही गुजरातेत. आपण काय केलं? आपण त्यावर म्हणी केल्या. त्यातली ओसाड गावची म्हण आमची ही घरातून जाता-येता मला उद्देशून वापरते.

असो. एरंडाचं गुऱ्हाळ थांबवतो.

मला खरी चीड येते ती बनावट मालाची. जळकं ऑइल गाळायचं, रंग मारायचा, जुन्या डब्यात भरायचं आणि वर नवं बूच. नाव घेत नाही, पण एका दुकानातून आणलेला डबा मी उघडला तेव्हा वासच वेगळा आला. भंगारवाला रिकामा डबा बुचासकट का मागतो, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून रिकाम्या डब्याला मी खिळा ठोकून भोकं पाडतो. शेतकऱ्याच्या मालाला बाजारात मोड, डागी असं बोट घालघालून बघतात. त्याच शेतकऱ्याला डबा मात्र बघायचीही सोय नाही, सील फोडलं की विकत घेतलं. आमच्यापासून हाकेच्या अंतरावर शिंगणापूर. तिथं तर साक्षात शनिदेवाच्या शिळेची भेसळीच्या तेलानं झीज होते म्हणून 1 मार्च 2025 पासून ब्रँडेड तेलच वाहायचं असं ठरलं. ज्याच्या भीतीनं गावातल्या घरांना दारं नाहीत, त्याच्यापुढंही भेसळवाले डगमगले नाहीत. तिथं माझ्या पिकअपची काय कथा?

हे सगळं मी एका रात्री जेवताना सांगत होतो. ही म्हणाली, 'आपल्याला महिन्याला गोडंतेल किती लागतं हो?' मी भाकरी मोडायला घेतली.

सर्वांत चांगला सल्ला बॉनेटखालीच होता. एअर फिल्टरच्या काळ्या झाकणावर पांढऱ्या रंगानं बारीक आकडे लिहिलेले होते. धुळीनं झाकले होते, ओल्या फडक्यानं पुसल्यावर दिसले. महिना आणि किलोमीटर, महिना आणि किलोमीटर. प्रत्येक ऑइल बदलल्याची नोंद, दर दहा हजाराला, शंभर-दोनशेचाही फरक नाही. अक्षर किरटं, पण रेघेत. माझ्या शाळेतलं हजेरीपुस्तकसुद्धा इतकं नेटकं नसतं. मात्र नोव्हेंबर 2023 नंतरची नोंद एकदम बावीस हजार किलोमीटरनं पुढची. मी लगेच कपाळाला आठ्या घातल्या. ऑइलची अशी हेळसांड! विकणाऱ्यानं फसवलं की काय!

मग तारीख पुन्हा वाचली. 8 डिसेंबर 2023 ला कांद्याची निर्यात बंद झाली, ती 4 मे 2024 ला उठली. त्या दिवसांत माझाही कांदा चाळीतच होता, पण माझा पगार चालू होता.

मी आधीच्या मालकाला फोन लावला. श्रीगोंद्याकडचा माणूस, व्यवहाराच्या दिवशी फारसा बोललाही नव्हता. म्हणाला, 'तव्हा डब्याला पैसं नव्हतं, गुरुजी. वरनं लिटर-लिटर टाकून चालवली. भाडं मिळंल तिकडं पळवली. लई हाल झालं तिचं.' तिचं, म्हणाला. स्वतःच्या हालांबद्दल अवाक्षर नाही. मी विचारलं, 'आणि एरवी ऑइल कुठलं टाकत होता?' तो म्हणाला, 'पुस्तकात लिवलंय तेच. आन दुसरं काय टाकायचं?'

व्हीआरडीईच्या काकांनंतर हे ऐकवणारा तो दुसरा. मी फोन ठेवणार, तेवढ्यात त्यानं विचारलं, 'रिव्हर्सचं गाणं वाजतंय का हो अजून? धाकटीनं पसंत केलं व्हतं.'

गाडी मागं घेताना वाजणारं ते गाणं मी पहिल्याच आठवड्यात काढायला लावलं होतं. झेंडावंदनाला मैदानात गाडी मागं घ्यावी आणि सबंध शाळेनं ठेका धरावा, हे गुरुजींना शोभत नाही. 'वाजतं की!' मी म्हणालो. 'एक नंबर वाजतं.'

दुसऱ्या दिवशी फिटरकडं गेलो. ऑइलचं मी काही बोललो नाही, पुस्तक उघडून त्याच्या पुढ्यात ठेवलं. मग हळूच म्हणालो, 'ते रिव्हर्सचं गाणं परत जोड.' त्यानं पान्यासकट हात कमरेवर ठेवला. 'गुरुजी, तुमीच म्हणला व्हता ना, लाज वाटती म्हणून?' वायर सापडली, पण स्पीकर त्यानं तोवर दुसऱ्याच्या गाडीला विकला होता. नव्याचे वेगळे पैसे घेतले. गाणं मात्र तेच निघालं, आणि आवाज आधीपेक्षा मोठा आहे.