गवताला झाड म्हणणारे सरकार

बांबू हे गवत आहे, हे गडचिरोलीतल्या शेळीलाही ठाऊक. १९२७ च्या भारतीय वन कायद्याला मात्र ते झाड वाटले, आणि जंगलातले झाड म्हटले की मालक वनखाते. मग बल्लारपूरच्या कागद कारखान्याला बांबू गाड्या भरभरून जायचा. आणि ज्याच्या शिवारात तो उगवला त्याने टोपलीपुरता तोडला, तर तो चोर!

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटले. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्कही मिळाला. पण विकलेला बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना हवा, आणि परवान्याचे पुस्तक साहेबांच्या कपाटात. म्हणजे म्हैस तुमची, दावे आमचे. ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती द्यायला २७ एप्रिल २०११ रोजी दिल्लीहून केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुंबईहून मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यावे लागले. एका पावतीपुस्तकासाठी केवढा हा लवाजमा! (खासदार निवडायला बोटावर थेंबभर शाई पुरते.)

मेंढ्याची घोषणा प्रसिद्धच आहे : 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.' तिच्या पहिल्या अर्ध्या भागावर कोणत्याही पक्षाने आजवर हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही. दुसरा अर्धा भाग आला, की साहेब किल्ली शोधू लागतात.