सुंभ, सोफा आणि भावोजी

एखादी गोष्ट बसत नाही म्हटलं, की माणसं त्या गोष्टीकडे बघतात. आमचे भावोजी जागेकडे संशयाने बघतात. बेंगळुरूत द्रव-स्फटिकांवर तीस वर्षं काढल्यावर जडलेली ही सवय. "सुंभ जळला तरी पीळ जात नाही," असं ताई त्यांना ऐकवते, तर हे तिची म्हण तपासतात. "चूक. कोलेस्टेरिल बेंझोएटचा १७८.५ अंशांना जातो."

गेल्या दिवाळीत मी सहज विचारलं, "भावोजी, तुम्ही नक्की करता तरी काय?"

"विचारू नकोस रे!" ताई स्वयंपाकघरातून ओरडली. तोवर बाल्कनीतली काथ्याची दोरी सुटली होती आणि वाळत घातलेले टॉवेल खालच्यांच्या तुळशीवर पोचले होते.

"हे बघ. मधला धागा सरळ, बाहेरचे तिरपे. काही लांबट रेणूंना असंच राहायचं असतं, शेजाऱ्यापासून जरासं वळून, तेही चहूबाजूंनी. आता बघ." दोरी कापून दोन्ही तुकडे त्यांनी चिकटवून धरले. जिथे ते टेकत होते तिथे एकाचे धागे इकडे कललेले, दुसऱ्याचे तिकडे. "जमत नाही ना? कारण आपलं अवकाश सपाट! चार मितींतल्या गोलाच्या त्रिमित पृष्ठावर हाच पीळ कुठेही न अडता बसतो. सेथना, राइट, मर्मिन, १९८३!" चेहरा असा, की त्या गोलावर यांचा बिनशेती प्लॉट असावा.

मग संत्र्याची पाळी. साल टेबलावर दाबलं, टर्रकन फाटलं. "वक्र जगातली रचना सपाट जगात आणली की चिरा पडणारच. निसर्ग त्या चिरांचीच जाळी विणतो. तीच ब्ल्यू फेज." जाळीचं घर साधारण प्रकाशाच्या तरंगलांबीएवढं, म्हणून तिला रंग येतो. १८८८ साली प्रागच्या राइनित्झरने गरम पदार्थ निवताना निळी झाक टिपली, ती हीच. एरवी ही अवस्था जेमतेम अंशभर तापमानात टिकते. ताईचा संयमही साधारण तेवढाच. संत्रं मुलाच्या डब्यातलं होतं.

पुढे त्यांनी घर बदललं. सोफा दारातून जाईना. हमाल घाम पुसत बसले. भावोजींनी टेपने दार मोजलं, सोफा मोजला आणि निकाल दिला, "सोफ्यात दोष नाही. फ्लॅटच फ्लॅट आहे, ही खरी अडचण."

ताईने सुतार बोलावला. त्याने एका कोपऱ्याचा पाय कापला, सोफा सुळकन आत गेला. "पाहिलंस? चीर दिली आणि बसला!" भावोजींना आनंद मावेना.

सोफा अजून डुगडुगतो. चौथ्या कोपऱ्याखाली द्रव-स्फटिकांवरचा एक जाडजूड ग्रंथ आहे, ताईने निवडून ठेवलेला.