‘बोर्ड जुना झाला’ म्हणणाऱ्या दुकानमालकांस

श्री. रा. रा. दुकानमालक साहेब यांसी,
मुक्काम लॅमिंग्टन रोड, मुंबई.



पाटीवर आपल्या रस्त्याचे नाव डॉ. भडकमकर मार्ग असले, तरी कॉम्प्युटरचे सुटे भाग घ्यायला निघालेला पोरगा घरी ‘लॅमिंग्टनला जातोय’ एवढेच सांगतो आणि आईबाप निर्धास्त होतात. माझा भाचाही तसाच आपल्याकडे आला. शिकवण्या घेऊन साठवलेले १५ हजार खिशात, कॅबिनेट काखेत. आपण त्याला बसायला स्टूल दिलेत, कटिंग पाजलीत. या अगत्याबद्दल प्रथम आभार.

त्याचे मागणे छोटे होते. रायझन ५ २६०० काढून त्या जागी रायझन ५ ५६०० बसवायचा. व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ खेळताना फ्रेम अडखळतात आणि ग्राफिक्स कार्ड मात्र निम्म्या ताकदीवर बसून राहते, हे त्याने घरीच तपासले होते. कार्ड ९८-९९ टक्क्यांवर धावत असते, तर प्रोसेसर बदलून फारसे हाती लागले नसते. एवढी तयारी करून आलेल्या पोराला आपण हाकलून दिले नाहीत, नुसते हसलात. केवढा हा मोठेपणा!

‘सहा कोअरचे सहाच कोअर, फरक काय पडणार?’ या आपल्या शिकवणीबद्दल आम्ही ऋणी आहोत. २६०० मधली १६ एमबी एल-३ कॅश आठ-आठच्या दोन तुकड्यांत विभागलेली असते. ५६०० मध्ये सलग ३२ एमबी सगळ्या कोअरना मिळते. खेळात फरक पडतो तो इथे आणि कोअरच्या नव्या रचनेत. असल्या क्षुल्लक तपशिलांनी आपण पोराचे डोके शिणवले नाहीत.

मग आपण मायेने ५६००जी पुढे केलात. ‘जी म्हणजे गेमिंग,’ म्हणालात. साहेब, जी म्हणजे प्रोसेसरच्या पोटातच ग्राफिक्स. त्यापायी कॅश निम्मी, १६ एमबी. ज्याच्याकडे कार्ड नाही, त्याला ही वस्तू उत्तम. भाच्याचे कार्ड आपल्याच काउंटरवर उघड्या कॅबिनेटमध्ये लावलेले दिसत होते.

तो तरी बधेना, तेव्हा आपण निकाल दिलात: ‘बी४५० बोर्ड जुना झाला, सपोर्टच नाही.’ रायझन बनवणाऱ्या एएमडीनेही मे २०२० मध्ये असेच जाहीर केले होते. ग्राहकांनी ओरड केली आणि कंपनीला त्याच महिन्यात शब्द फिरवावा लागला. २०२१ पासून त्या बोर्डांसाठी नवे प्रोसेसर चालवणारे बायोसही येऊ लागले. एवढ्या मोठ्या कंपनीने माघार घेतली. आपण मात्र ठाम. आपल्या निष्ठेला दंडवत.

आणि आपल्या कारागिराचा तो हात! वाळलेल्या पेस्टमुळे कूलर प्रोसेसरला घट्ट चिकटलेला असतो. मशीन थोडा वेळ चालवून गरम करायचे, कूलर डावी-उजवीकडे हलकेच फिरवायचा, मगच उचलायचा. आपल्या माणसाने तो सरळ वर ओढला. लॉक लावलेला असूनही प्रोसेसर कूलरसकट सॉकेटमधून उपटून निघाला आणि १३३१ पिनांपैकी कोपऱ्यातली अख्खी रांग आडवी झाली. ‘होतं असं,’ म्हणून आपण धीर दिलात. जुना प्रोसेसर गेला म्हणजे भाच्याच्या बोर्डाचा बायोस अपडेट करायचा मार्गही गेला आणि चालणारा दुसरा प्रोसेसर आपल्या एवढ्या मोठ्या दुकानात नेमका त्या दिवशी नव्हता.

मग नव्या एएम५ सॉकेटचा प्रोसेसर, नवा बोर्ड. त्यावर डीडीआर४ चालत नाही, म्हणून नवी रॅमही. बिल ४० हजारांच्या पुढे. वरची रक्कम माझ्या बहिणीच्या कार्डावर हप्त्यांनी. जुना बोर्ड आणि रॅम आपण ‘एक्स्चेंज’मध्ये किरकोळ भावात ठेवून घेऊन आमच्या घरातली अडगळ कमी केलीत. एएम५ वाईट नाही. नवे मशीन बांधणाऱ्याने खुशाल तेच घ्यावे. पण या पोराला त्याची गरज नव्हती. त्याचे काम १५ हजारांत होऊन वर पैसे उरले असते. साहेब, शिकवण्यांचे ते पैसे त्याने बसचे भाडेही वाचवून, पायी चालून जमवले होते. याचा मला राग आहे आणि तो मी लपवत नाही.

तेव्हा नम्र विनंती: जुना बोर्ड आणि रॅम परत करावी, वाकलेल्या प्रोसेसरची भरपाई द्यावी आणि यापुढे बिलावर प्रोसेसरचे नाव शेवटच्या अक्षरासकट लिहावे.

आणि हे पत्र वाचणाऱ्या मुलामुलींनो, बोर्डाचे पूर्ण नाव लिहून घ्या आणि बोर्ड बनवणाऱ्या कंपनीच्या यादीत आपला प्रोसेसर कोणत्या बायोसपासून चालतो ते पाहा. तो बायोस जुना प्रोसेसर जागेवर असतानाच, वीज जाणार नाही अशा वेळी घरी टाका. मगच लॅमिंग्टनला जा.

आपला,
एका गिऱ्हाइकाचा मामा