सुवेळा माचीवरचं तळं

पुण्यात पन्नाशीच्या माणसाला चिखलात खेळायचं असेल, तर इतिहासाचा आधार घ्यावा लागतो. नुसता खेळला तर घरचे डॉक्टर गाठतात. दिवाळीच्या किल्ल्यासाठी खेळला तर शेजारी ‘वा, परंपरा जपताय’ म्हणतात. ही सवलत ध्यानात आल्यापासून वसुबारस जवळ आली, की मी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी शोधल्यासारखा घुटमळू लागतो. गाडी माझ्याकडे नाही.

पोरांनी राजगड धरला होता. २०२५च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा म्हणून जाहीर केले, त्यात राजगड आहे आणि सिंहगड नाही. रविवार आला की सिंहगडावर पिठलं-भाकरी हाणणाऱ्या माझ्यासारख्याला ते लागलंच. पण आपलं दुःख पोरांच्या खेळात कशाला? विटा रचून, वर गोणपाट टाकून लाल मातीचा लेप चालला होता. मी पँट दुमडली आणि व्याख्यान सुरू केलं. माच्या तीन : पद्मावती, सुवेळा, संजीवनी. मधोमध बालेकिल्ला. संजीवनीला चिलखती बुरूज, म्हणजे बुरुजाबाहेर आणखी एक तट. पोरं ऐकत होती, म्हणजे लिंपत होती.

मग कुंभारवाड्यातून आणलेली चित्रं निघाली. गवळण दरवाजापेक्षा उंच, मावळा बुरुजाएवढा. मी म्हटलं, “प्रमाण चुकतंय.”

तिसरीतली एक मुलगी मान वर न करता म्हणाली, “काका, तो जवळ उभा आहे ना, म्हणून मोठा दिसतो.”

यावर उत्तर सुचेना. विचार करायला दोन पावलं मागं सरकलो, पाय घसरला आणि थेट सुवेळा माचीवर बसलो. १७०४ साली राजगड घ्यायला औरंगजेबाला जातीनं तळ ठोकावा लागला होता. मी ते काम बसल्या बसल्या केलं.

आता बोलणी खायची, म्हणून डोळे मिटले. तर सगळ्यात धाकटा विचारतोय, “काका, लागलं का?” सोसायटीच्या इतक्या सभांना बसलो, हा प्रश्न कुणी विचारलेला नाही. पोरांनी मला उपसून बाजूला ठेवलं, खड्डा न्याहाळला आणि ठरवलं, इथं तळं करायचं. आकार माझाच कायम झाला. मला फक्त अळिवावर पाणी शिंपडायचं काम मिळालं.

अळीव हिरवागार उगवला आणि एका सकाळी संजीवनी माचीवर गल्लीतलं कुत्रं मुटकुळं करून झोपलेलं. मी ‘हाड’ म्हणायला तोंड उघडलं, तर चारही बाजूंनी “श्श!” पोरांनी तोफा अलगद उचलून पद्मावतीवर नेल्या. गड राखायचा की पाहुणा, यावर चर्चासुद्धा झाली नाही.

स्पर्धेचे परीक्षक नेमके तेव्हाच आले. कुत्र्याकडे त्यांनी मोठ्या मनानं काणाडोळा केला. तळ्यापाशी मात्र थबकले. “पद्मावती तळं पद्मावती माचीवर आहे. सुवेळेवर एवढं मोठं हे कुठलं?”

मुलीनं माझ्याकडे बोट दाखवलं. “काकांना विचारा. त्यांनीच खणलंय.”

मी घसा खाकरला. “अलीकडच्या उत्खननात सापडलं.”

परीक्षकांनी चष्मा सारखा केला आणि वहीत टिपून घेतलं.