अळूचा परदेशी चुलतभाऊ

ऊन लागणारी झाडं कुणीही वाढवतं. सदाफुली लावायची, गॅलरीत ऊन पडू द्यायचं आणि फुलं आली की आपण आणली म्हणून मिरवायचं. त्यात आपलं कर्तृत्व काय? काम सगळं सूर्याचं. सावलीत फूल आणून दाखवायला मात्र अभिरुची लागते, संयम लागतो, अभ्यास लागतो, आणि हे तिन्ही गुण माझ्या अंगी आहेत असं माझं फार जुनं मत आहे. या मताला अनुमोदन देणारं घरात कुणी मिळेना, म्हणून मी अँथुरियम आणलं.

तेच ते. लाल, चकचकीत, बदामाच्या आकाराचं, मधून पिवळी दांडी बाहेर काढलेलं. सत्कारसमारंभाच्या बुकेत जरबेराच्या शेजारी कोंबलेलं असतं ते. नर्सरीवाला म्हणाला, "सावलीचं झाड आहे साहेब, कुठंही ठेवा." या 'कुठंही'वर मी आज व्याख्यान देऊ शकतो, आणि देतोही. अंधारात अँथुरियम मरत नाही, हीच पंचाईत. ते जगतं, अधूनमधून एखादं पान काढतं आणि फुलाचं नाव घेत नाही. त्याला उजेड भरपूर हवा, फक्त ऊन अंगावर नको. मूळचं ते कोलंबिया-इक्वेडोरच्या दमट डोंगरी रानातलं. एदुआर आंद्रे या फ्रेंच गृहस्थाला १८७६ साली ते कोलंबियात दिसलं आणि त्याचं नाव झाडाला कायमचं चिकटलं. मोठ्या झाडांच्या पानांतून गाळून येईल तेवढाच प्रकाश घ्यायची या घराण्याची रीत. त्यातले कित्येक तर जमिनीला पायही लावत नाहीत, दुसऱ्याच्या खोडावर मुळं लोंबकळत सोडून राहतात. अशाला आपण कुंडीत काळी माती भरून रोज तांब्या ओतला की मुळं कुजणारच. त्याला नारळाच्या शेंडीचे तुकडे, लोणारी कोळसा, विटेचे खडे असं काहीतरी हवं, ज्यातून पाणी निघून जाईल आणि हवा खेळेल. हे कळल्यापासून देवापुढं नारळ वाढवताना माझं लक्ष देवाकडे नसतं, शेंडीकडे असतं.

शिवाय पानांवर धूळ बसू द्यायची नाही. ओल्या फडक्यानं एकेक पान खालून हात देऊन पुसायचं. मी घरातलं टेबल कधी पुसल्याचं बायकोला आठवत नाही, हा मुद्दा तिनं एकदाच काढला, पण शेजारच्या काकू बसलेल्या असताना काढला.

आता खरी गंमत. आपण ज्याला फूल म्हणतो ते फूल नव्हेच. तो लाल बदाम म्हणजे एक नटलेलं पान. खरी फुलं त्या पिवळ्या दांडीवर दाटीवाटीनं बसलेली असतात, टाचणीच्या डोक्याएवढी. हे मी पाहुण्यांना सांगतो. पाहुणे "हो का" म्हणून चिवड्यातले दाणे वेचत राहतात. मग मी हुकमाचा पत्ता टाकतो: हे अळूचं भावंड आहे. इथे पाहुणे मान वर करतात, कारण अळूवर मराठी माणसाला मत असतंच.

आणि अळूवर आलोच आहोत तर थोडं थांबू. अँथुरियम, अळू, सुरण आणि लोकांच्या टीव्हीवरून घरंगळणारा मनीप्लांट, सगळे एकाच कुळातले. खाजरेपणा हे कुळाचं लक्षण. पानांत, कंदांत कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात, त्या घशाला टोचतात. यावर आपल्या आज्यांनी चिंच काढली, आमसूल काढलं, आणि जे कूळ दुसऱ्या कुणाला विषारी वाटलं असतं ते पंगतीला वाढलं. काळ्या देठाचं वडीला, हिरव्या देठाचं भाजीला. लग्नाच्या पंगतीतलं अळूचं फदफदं, त्यात भिजवलेले दाणे, चण्याची डाळ, मुळ्याच्या चकत्या. त्या नावानं ज्याची भूक मरते त्याच्याशी सोयरीक करू नये.

पण या घराण्याचं खरं रत्न शेवळं. जूनचा पहिला पाऊस पडला की ठाण्याच्या बाजारात आदिवासी बायका जुड्या मांडून बसतात. तपकिरी-जांभळे लांबट कोंब, सोबत काकडांचा वाटा, कारण काकडांच्या आंबटपणाशिवाय शेवळं घशाखाली उतरत नाहीत. शेवळं म्हणजे सुरणाच्या रानटी भावाची फुलंच: बाहेर गुंडाळलेलं पान, आत दांडी, हुबेहूब आमच्या गॅलरीतला नमुना, फक्त रंग उतरवलेला. बाहेरचं पान सोडवायचं, दांडीचा खालचा पिवळा भाग न विसरता काढून टाकायचा (तो राहिला तर रात्रभर घरातलं कुणी कुणाशी बोलत नाही), उरलेलं बारीक चिरून तेलावर परतायचं. सोलताना बोटं काळी होतात, सकाळ जाते आणि टोपलीभरातून वाटीभर भाजी निघते. सीकेप्यांकडे त्यात कोळंबी पडते, खिमाही पडतो, आणि मग जेवणाऱ्याला हाक मारून उपयोग नसतो. याच कुळातला सुमात्राचा एक महाकाय सुरण १८८९ साली लंडनच्या क्यू उद्यानात पहिल्यांदा फुलला. माणसापेक्षा उंच फूल आणि सडक्या मांसाचा वास. तो फुलतो तिथे लोक अजून रांगा लावतात. नेमक्या त्याच वर्षी लंडनहूनच अँथुरियम हवाईला गेलं आणि तिथून पुढे जगभरच्या हॉटेलांच्या लॉबीत जाऊन बसलं. एक भाऊ वासानं गाजला, दुसरा दिसण्यावर तरला, आणि शेवळं बिचारी वर्षातले काही आठवडे फुटपाथवर.

इतकं सगळं मी आईलाही सांगितलं होतं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"देवाला चालतं?"

"चालत नाही असं कुणी म्हटलेलं नाही."

"वास?"

"नाही."

"म्हणजे वेणीतही नाही. भाजी?"

"अगं, विषारी आहे. घसा धरेल."

"मग अळू काय कमी धरतं?" असं म्हणून ती आत गेली.

पाहुण्यांचा त्रास वेगळाच. ते जवळ येतात, वाकतात आणि लाल बदामाला नख लावून बघतात. प्लास्टिकचं वाटतं त्यांना! त्या नखाच्या खुणा तपकिरी होतात आणि फूल पुढे दीड-दोन महिने टिकतं, म्हणजे अपमानही तेवढाच टिकतो. हल्ली मी एक पिवळं पडलेलं पान मुद्दाम कापत नाही. खऱ्याला खरं ठरवायला थोडं मरतुकडं काहीतरी समोर ठेवावं लागतं.

माझ्या अभिरुचीचं मूळ मात्र गॅलरीसमोर उभं आहे. आमच्या पश्चिमेला पूर्वी बैठी घरं होती आणि एक आंबा. थंडीत संध्याकाळचं ऊन गॅलरी ओलांडून देव्हाऱ्यापर्यंत यायचं. आईचा मोगरा त्याच उन्हावर होता. आता तिथे टॉवर आहे, आणि त्याच्या जाहिरातीत 'व्ह्यू' हा शब्द होता, तो कुणाचा कुणाला हे लिहिलं नव्हतं. सोसायटीच्या मीटिंगमध्ये आम्ही धुळीवर भांडलो, पार्किंगवर भांडलो, पाण्याच्या टँकरवर तर एकमेकांच्या अंगावर गेलो. ऊन अजेंड्यावर नव्हतं, आणि 'आयत्या वेळचे विषय' येईपर्यंत बटाटेवडे आले. उन्हाची तक्रार करायची कुणाकडे, हे मला अजून कळलेलं नाही. कळलं असतं तर हा लेख न लिहिता अर्ज लिहिला असता.

मोगऱ्यानं नुसती पानं काढायला सुरुवात केली. आईनं एक उन्हाळा वाट पाहिली आणि कुंडी कामाच्या मावशींना देऊन टाकली. त्यांच्या पत्र्याच्या छपरावर ऊन हवं तेवढं, नको तेवढं. आता उन्हाळ्यात मावशी येताना ओल्या फडक्यात कळ्या घेऊन येतात. आई त्या मोजत नाही. पूर्वी मोजायची.

टॉवरनं एक केलं. सकाळी पूर्वेचं ऊन त्याच्या काचांवर आपटून तासभर आमच्या गॅलरीच्या एका कोपऱ्यात येतं. सेकंडहँड ऊन. पुस्तकात ज्याला 'ब्राइट इनडायरेक्ट लाइट' म्हणतात ते हेच असणार, असं ठरवून मी कुंडी तिथे मांडली. आईची खुर्चीही तिथेच, कारण तिच्या गुडघ्यांनाही हाच उजेड मिळतो. रोज सकाळी ती पायानं कुंडी मागे सारायची, मी ऑफिसला निघताना पुढे आणायचो. पानांच्या कडा करपायला लागल्या, काचेवरचं ऊनही शेवटी ऊनच. मग मी नाद सोडला. कुंडी आईच्या खुर्चीमागे राहिली, तिच्या सावलीत, आणि बघता बघता एकाच वेळी दोन कळ्या वर आल्या. आईनं पेपरातून मान न काढता सांगितलं, "माझ्यामुळं आल्यात." घरातल्या सगळ्यांनी अनुमोदन दिलं.

परवा बायकोचे मामा आले होते. मी त्यांना बसायची जागा अशी दिली की फुलांकडे पाहिल्यावाचून सुटका नाही. फवारा मारून पानांवर थेंबही ठेवले होते. मामा वाकले, चष्मा वर केला आणि विचारलं, "खरं आहे का हो हे?" मी खुर्ची पुढे ओढली, घसा साफ केला, "त्याचं असं आहे मामा, १८७६ साली..."

"प्लास्टिकचं आहे," आई म्हणाली. "तुम्ही चहा घेणार ना?"