खऱ्यासारखं, पण हलकं

आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक नाटकवाला असो, मंडळाचा कार्यकर्ता असो की बिल्डर, मागणं एकच करतं. खरं वाटलं पाहिजे, उचलायला हलकं पाहिजे आणि उद्या सकाळी पाहिजे. तोफ, तिजोरी, भीमाची गदा, सगळ्याला हाच नियम. एकदा एका दिग्दर्शकाने पाटा-वरवंटा मागवला. मी म्हटलं, शेजारच्या चाळीत खरा पडलाय, फुकट मिळेल. तर म्हणाला, ‘खरा नको हो, हिरॉइनला उचलायचाय.’ मग आम्ही फोम कापून पाटा केला, त्याला टाकी लावल्यासारखे खड्डे पाडले, राखाडी रंग मारला आणि खऱ्या पाट्याच्या दुप्पट किमतीला विकला.

उल्हासनगर संपून अंबरनाथ सुरू होतं त्या सांध्यावर आमचा पत्र्याचा गाळा आहे. पाटीवर ‘आर्ट स्टुडिओ’ असं लिहिलंय; आसपास विचाराल तर ‘ते मुंडकीवाले ना?’ म्हणून रस्ता दाखवतील. मालकांना सगळे दादा म्हणतात. साचे आणि फायबरचं काम मामांकडे, लाकूड आणि पुठ्ठा मिस्त्रींकडे. मी रंगाला, बिलाला आणि ‘निघालोच आहोत, कल्याणला पोचलो’ असं फोनवर सांगायला.

जागा मात्र दादांनी पारखून घेतली आहे. उल्हासनगरात नक्कल करणाराला कुणी नाक मुरडत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधी निर्वासित येऊन राहिले, 1949 मध्ये छावणीचं उल्हासनगर झालं आणि पुढे ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद अख्ख्या महाराष्ट्राने केला. तो विनोद करणाऱ्यांच्या अंगावर शर्ट कुठला होता, हे कुणी सांगत नाही. याच गावात नवी कोरी जीन्स दगडांबरोबर घुसळून जुनी करत आणि जुनी केल्याचे वर पैसे घेत. त्या धुलाईच्या पाण्याने वालधुनी नदीने कायकाय रंग पाहिले, त्यावर विनोदी लेख होणार नाही, म्हणून पुढे जातो.

आमच्याही धंद्यात नव्याचं जुनं करणं हेच मोठं काम. त्याला एजिंग म्हणतात. जुनं पत्र पाहिजे तर कागद चहाच्या पाण्यातून काढायचा. पेटी पाहिजे तर आधी नीट रंगवायची, मग तारेचा ब्रश, काळ्या रंगाचं पातळ पाणी, कोपऱ्यांत बूटपॉलिश आणि वरून मुलतानी मातीची धूळ. एका मालिकेसाठी जुना कंदील हवा होता. बदलापूर गावात माझ्या आजीच्या माळ्यावर होता. आजोबांच्या वेळचा, काचेला काजळी, दांडीला गंज, सगळं अस्सल. घेऊन गेलो. कलादिग्दर्शकाच्या साहाय्यकाने दोन्ही बाजूंनी पाहिला आणि म्हणाला, ‘याचं एजिंग जमलं नाहीये. गंज खोटा वाटतो.’ तेव्हा मामांनी बाजारातून नवा कंदील आणून त्याच्यावर गंज चढवला. साहाय्यकाने तो हातात घेतला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, ‘बघा, याला म्हणतात जुना.’ आजीला मी हे अजून सांगितलेलं नाही. तिचा स्वतःवरचा विश्वास उडेल.

दादा भंगार टाकू देत नाहीत, तेही याच विद्येपायी. कुणीतरी त्यांना सांगितलं की 1977 च्या ‘स्टार वॉर्स’मधल्या त्या लखलखत्या तलवारीची मूठ म्हणजे जुन्या ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशची दांडी होती. तेव्हापासून गाळ्यात मिक्सरची भांडी, सायकलचे डायनॅमो आणि एक आख्खी शिलाई मशीन हॉलिवूडची वाट पाहत पडली आहेत.

पोट मात्र बिल्डरांवर चालतं. बदलापुरात जिथे मोकळं शेत दिसेल तिथे टॉवर उभा राहतो, आणि टॉवरच्या आधी सेल्स ऑफिसात त्याचं मॉडेल उभं राहतं. प्रमाण एकास शंभर. साडेपाच फुटी माणूस जेमतेम दीड-पावणेदोन सेंटिमीटरचा होतो. झाडं म्हणजे तारेच्या फांद्यांवर हिरवा रंगवलेला स्पंजचा चुरा. इथपर्यंत सगळं शास्त्रशुद्ध. मग बिल्डर येतो.

‘स्टेशन पण दाखवा,’ एकजण म्हणाले.

मी हिशेब सांगितला. स्टेशन दोन किलोमीटरवर. एकास शंभर धरलं तर वीस मीटर. म्हणजे टेबल इथे आणि स्टेशन पलीकडच्या फर्निचरवाल्या साईंच्या दुकानात, थ्री-सीटर सोफ्यावर.

‘जाहिरातीत पाच मिनिटं लिहिलंय,’ ते म्हणाले. ‘पाच मिनिटांच्या हिशेबाने ठेवा.’

स्टेशन गेटापासून वीतभर अंतरावर आलं. मिस्त्री अंगात रक्त आणि खिशात पास असलेला माणूस. रोज सकाळी तीच गाडी पकडतात. त्यांनी फलाटावर हाताला लागली तेवढी माणसं चिकटवली, दोन-तीन डब्याच्या दाराला लटकवली, आणि एक उलट्या दिशेच्या गाडीत बसवला, कारण बसायला जागा हवी तर आधी मागे जाऊन यावं लागतं. बिल्डर गप्पच झाले. मग म्हणाले, ‘चार ठेवा. एकाच्या हातात ट्रॉली बॅग द्या.’

नदीचं प्रकरण याहून नाजूक. उल्हास नदी सगळ्यांना बाल्कनीतून दिसायला हवी असते. ‘नदी जरा अलीकडे घ्या’ असं कुणी म्हणालं की आम्ही निळं रेझिन ओतून अलीकडे घेतो. त्या प्लॉटची पूररेषा कुठून जाते, असं मी एकदा सहज विचारलं. साहेब म्हणाले, ‘नदी जवळ घ्या, पूररेषा लांब ठेवा.’ खरं तर नदीला कुणी सांगायची गरज नसते. 26 जुलै 2005 ला ती आपण होऊन अलीकडे आली होती. 27 जुलै 2019 ला तर बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेसच पाण्यात उभी राहिली आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून काढावं लागलं. तेवढं अस्सल मॉडेल अजून कुणी मागितलेलं नाही.

गणपतीच्या आधीचा महिना मंडळांचा. 2018 च्या बंदीनंतर थर्माकोल गेला आणि मिस्त्रींचा पुठ्ठा राजा झाला. अंबरनाथच्या एका मंडळाला आपल्या शिवमंदिराचीच प्रतिकृती हवी होती. हे मंदिर शिलाहारांचं, शके 982 म्हणजे 1060 सालचं. गाभाऱ्यात पायऱ्या उतरून जायचं आणि वर मान केली की आभाळ दिसतं, कारण शिखर पूर्ण नाहीच. मिस्त्रींनी फोटो पाहून हुबेहूब तसंच केलं. कार्यकर्ते आले, वर पाहिलं, आपसांत कुजबुजले.

‘मिस्त्री, बाकी झकास. पण शिखर अर्धं राहिलंय.’

‘खरं देऊळ तसंच आहे.’

‘ते ठीक आहे हो. पण लोक म्हणतील वर्गणी कमी पडली.’

तेव्हा साडेनऊशे वर्षं अडलेलं काम मिस्त्रींनी एका रात्रीत पुरं केलं, वर सोनेरी कळसही चढवला. सजावट पाहून गेलेले एक आजोबा नंतर खऱ्या देवळात जाऊन ‘कळस कुणी नेला?’ म्हणून विचारून आले, असं कानावर आलं.

मारामारीत फुटायच्या बाटल्या आम्ही साखरेच्या करतो. साखर आणि ग्लुकोजचं सिरप तापवून साच्यात ओतायचं. दिसते काच, फुटते काच, लागत नाही. फक्त आमच्याकडे पाऊस पडतो. दमट हवेत साखर पाणी धरते, बाटलीला घाम सुटतो, आणि मुंग्यांना शूटिंगची तारीख आपल्याआधी कळते. एकदा अशी घामेजलेली बाटली खलनायकाच्या टाळक्यावर फुटलीच नाही, चिकटली. त्याने ती तशीच डोक्यावर घेऊन पूर्ण संवाद म्हटला. जातिवंत नट.

माल पोचवणं हे वेगळंच नाटक. या भागाला त्याची परंपरा आहे. 1912 मध्ये दादासाहेब फाळके ‘राजा हरिश्चंद्र’चं बाहेरचं चित्रीकरण करायला निघाले, तर ढाली-तलवारी घेतलेली मंडळी त्यांच्याआधी वांगणी गावात पोचली. गावकऱ्यांना वाटलं दरोडेखोर आले; पोलिसांपर्यंत गेलं, आणि फाळके येऊन सिनेमा म्हणजे काय ते समजावीपर्यंत अयोध्येचा दरबार अडकून पडला. बदलापूरच्या पुढचं स्टेशनही वांगणीच, त्यामुळे आम्ही ते आपलंच वांगणी धरून चालतो आणि अडवलं गेलं की आपण फाळक्यांच्या पंगतीत बसलो असं मानतो.

मला अडवलं ते मुंडक्यासाठी. सिलिकॉनचं, मामांनी एकेक केस सुईने रोवलेलं. मालडब्यात चढायच्या आधी पोलिसाने पिशवी उघडायला लावली. मी घाईघाईने सांगितलं, ‘साहेब, खोटं आहे. रक्तही खोटं.’

साहेबांनी ते केसांना धरून उचललं, उजेडात नेलं, खालून पाहिलं. माझ्याभोवती गर्दी. अखेर म्हणाले, ‘खोटं आहे ते दिसतंयच. मान अशी सरळ कापली जात नाही कधी.’ मग मला बाकावर बसवून, तंबाखू मळत, ती कशी कापली जाते हे त्यांनी इतक्या तपशिलात समजावलं की मी दोन गाड्या सोडल्या आणि रात्री जेवलो नाही. मामांनी साचा बदलला. तेव्हापासून आमच्या मुंडक्यांना मागणी वाढली आहे.

या सगळ्यांत अवघड काम घेऊन आली ती एक आई. मुलगा चौथीत, शाळेचा प्रकल्प ज्वालामुखीचा, सोमवारी द्यायचा.

‘पण फार छान करू नका हं,’ ती म्हणाली. ‘मुलाने केल्यासारखा दिसला पाहिजे. मागच्या वेळी बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं, याच्या बाबांनी केला का म्हणून.’

मिस्त्रींनी डाव्या हाताने केला. तरी उतार असा आला की सह्याद्रीने शिकावं. मामांनी मुद्दाम रंग सांडला. तो सांडलाही तोलून. मी फेविकॉलचे ओघळ सोडले, ते लाव्ह्यासारखे दिसले आणि ज्वालामुखी आणखीच सुंदर झाला. दादांनी कपाळाला हात लावला. शनिवारी आई मुलाला घेऊन आली, तो ज्वालामुखी पाहिला आणि रडवेली झाली.

मुलगा एव्हाना टेबलावर चढून मातीच्या गोळ्याशी खेळत होता. कुणी त्याला काही सांगितलं नाही. त्याने एक ढेपाळलेला डोंगर केला, बोटाने भोक पाडलं, लाल रंग भोकात कमी आणि स्वतःच्या शर्टावर जास्त ओतला, आणि पायथ्याशी एक डायनोसॉर लावला, ज्याचा विषयाशी काही संबंध नव्हता.

‘हाच!’ आई म्हणाली. ‘अगदी अस्सं पाहिजे होतं! किती झाले?’

मी काही बोलायच्या आत दादांनी बिलबुक माझ्यापुढे सरकवलं. मी लिहिलं: ज्वालामुखी, एक नग, हातकाम. डायनोसॉरचे वेगळे लावले.