सहाव्यांदा की पुरे?

१९९९पासून पाचदा निवडून दिल्यावर, २०२४च्या उन्हाळ्यात जालनेकरांना एकदम विचार करावासा वाटला: खासदार, रेल्वे राज्यमंत्री रावसाहेब दानव्यांना पुन्हा दिल्लीला धाडायचं का? मोंढ्यातल्या टपरीवर कट चहासोबत खल चाले.

"दादांनी वंदे भारत आणली की!"

"आणली. नळाला पाणी कधी आणणार?"

मराठा आरक्षण आंदोलनाच्या अंतरवाली सराटीचा विषय निघाला की मात्र दोन्ही बाजू बशीत बघत. २००९ला दानव्यांकडून साडेआठ हजारांच्या आत हरलेले काँग्रेसचे कल्याण काळे या वेळी लाखाच्या वर मतांनी जिंकले. निकालानंतर २०१९ला दानव्यांना मत दिल्याचं कबूल करणारा एकही सापडेना. तेव्हाचं तीन लाखांवरचं मताधिक्य बहुधा मुंबईहून रेल्वेनं आलं असावं, तेही विनातिकीट.